शेजारी प्लॉटिंग झालंय? मृगाआधी बांधावर एक चक्कर मारा

पुण्याच्या महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३. हवेली-मुळशीकडे ज्यांची शेती अजून टिकून आहे, त्यांच्या तिन्ही बाजूंना आता काँक्रीट आहे. पेरणीची तयारी तुम्हाला सांगायला नको. पण या पट्ट्यात काही कामं आणखी करावी लागतात.

पहिलं पाण्याचं. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. ५० मिलिमीटर पाऊस झाला, की एका गुंठ्यावर ५ हजार लिटर पाणी पडतं. शेजारच्या दहा गुंठ्यांवर काँक्रीट झालं, तर दहा हजारी टँकरचे पाच टँकर भरतील एवढं पाणी मुरायचं सोडून उताराने तुमच्याकडे येतं. उन्हाळ्यात तेच पाणी सोसायट्या विकत घेतात! गुंठ्याचा भाव फोडणारा एजंट हे मुरणं कधी हिशेबात धरत नाही. तेव्हा उताराकडच्या बांधाला जादा पाणी बाहेर जायला दगडी सांडवा आत्ताच करून घ्या, नाहीतर बांध फुटतो आणि वरची माती जाते.

ओढा चालून बघा. आमच्याकडे बारा फुटी ओढ्यात दोन फुटी पाइप टाकून वरून रस्ता केला. पहिल्याच वळवात पाणी कोथिंबिरीच्या वाफ्यांतून गेलं. मागे उरली वाळू, थर्माकोल आणि एक चप्पल. असा अडथळा दिसला तर पाऊस पडायच्या आत फोटो काढा आणि गावनकाशाची नक्कल मिळवा. मामलतदार कोर्ट कायदा, १९०६ च्या कलम ५ खाली बेकायदा अडथळा काढण्यासाठी तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण सहा महिन्यांच्या आत. तोंडी बोलण्यात हंगाम घालवू नका.

विहीर पुनर्भरण चांगलंच, पण रस्त्याचं किंवा ड्रेनेज मिसळलेलं पाणी विहिरीत सोडू नका. गोठ्याच्या, घराच्या पत्र्यावरचं घ्या. तेही पहिले एक-दोन पाऊस वाहून जाऊ द्या, मग दगड-खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळून आत सोडा.

भराव टाकणारे पोयट्याचे, म्हणजे वरच्या सुपीक मातीचे, पैसे देतात. एका एकरावरची एक इंच माती म्हणजे शंभर घनमीटर. ती एकदा गेली की शेणखताने वर्षानुवर्षं भरून निघत नाही. विकू नका, एवढंच सांगेन.

वेलवर्गीय भाज्या लावणार असाल तर मधमाश्यांचा विचार करा. आसपासची करंज, बाभूळ, घाणेरी तोडली गेली की माश्या कमी होतात, मग काकडी एका टोकाला बारीक राहून वाकडी होते. बांधावर दोन-चार शेवगे लावा, कडेला तुळस, बडीशेप राहू द्या. काकडीवर फवारणी संध्याकाळी, माश्या परतल्यावर करा. तरी फळ धरत नसेल तर नरफूल तोडून मादीफुलावर हलकं फिरवा: काकडी, लाल भोपळा सकाळी, दोडका आणि दुधी संध्याकाळी, फुलं उमलल्यावर.