पाळ्या बदलताय? नोटीस लावण्याआधी मुकादमांना गाठा

जळगाव-भुसावळच्या एमआयडीसीत दालमिल असो की चटईचा कारखाना, बारा तासांच्या दोन पाळ्या मोडून आठ तासांच्या तीन करायच्या ठरल्या, की नोटीस थेट गेटवर लागते. संध्याकाळच्या आत टपरीवर 'पगार कापणार' हा निकाल लागलेला असतो. मुकादमाला विचारावं तर तोही म्हणतो, 'मलाही आत्ताच कळलं.' म्हणून आधी मुकादम आणि सुपरवायझरांना बसवा, किमान दोन दिवस आधी. त्यांच्या शंका तिथेच ऐका. पुढे कामगार नेमकं तेच विचारणार आहेत.

पहिला प्रश्न ठरलेला: 'हातमा कितला येतीन?' कारण काय, फायदा काय, हे सगळं नंतर. आठ तासांची मजुरी ६०० रुपये धरा, तासाचे झाले ७५. ओव्हरटाइमचा दर कायद्याने दुप्पट, म्हणजे वरच्या चार तासांचे ६००. बारा तासांना १,२०० घेणारा माणूस आता ६०० वर येणार. एवढी घट गोड बोलून झाकत नाही. दर वाढवणार की काही महिने भरपाई देणार, हे बैठकीआधी ठरवा आणि ग्रेडनुसार तक्ता हातात द्या. ठरलं नसेल तर बैठकच घेऊ नका.

पाळीपद्धत किंवा कामाचे तास बदलण्यासाठी २१ दिवसांची लेखी नोटीस लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे कलम ९-अ मध्ये होतं, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत कलम ४० मध्ये आहे. नोटिशीत 'कार्यक्षमतेच्या दृष्टीने सुधारित पाळीपद्धत अंगीकारण्यात येत आहे' असलं काही नको. असं लिहा:

'१ तारखेपासून पाळ्या: सकाळी ७ ते ३, दुपारी ३ ते ११, रात्री ११ ते ७. पाळी दर आठवड्याला बदलेल. रात्री ११ ला सुटणाऱ्यांसाठी नशिराबाद आणि असोद्याची गाडी गेटवरून ११.१५ ला.'

गाडीची ओळ विसरू नका. रात्री अकराला एसटी कुठून मिळणार? पाळी मान्य असलेला माणूसही तेवढ्यासाठी काम सोडतो.

बैठक १५-२० जणांची, मशीन बंद करून, पाळीच्या वेळेतच घ्या. सुटल्यावर थांबवलं तर निम्मं लक्ष गाडीकडे. नोटीस मराठीत आणि हिंदीत. बोलणं मात्र अहिराणीत किंवा लेवा बोलीत, नाहीतर माना हलतात आणि प्रश्न येत नाहीत. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आठवडा टाळा. कपाशीच्या लागवडीचे दिवसही टाळा, निम्मे लोक शेतात असतात. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी तर नकोच, उत्तर द्यायला कोणी नसतं.

पुढे गेटवर एक वही ठेवा. प्रश्न कोणीही लिहावा, उत्तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर, सहीनिशी. व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त नोटिशीचा फोटो टाका. तिथे वाद सुरू झाला की आवरत नाही. नव्या पद्धतीचा पहिला पगार होईल त्या दिवशी हिशेबनीसाला टेबल टाकून गेटपाशीच बसवा, जुनी आणि नवी पावती शेजारी ठेवून.