कॅन्सरचे उपचार आणि आतड्यातले जिवाणू: या चुका टाळा

केमो सुरू झाली की भेटायला येणारा प्रत्येक जण पोटासाठी काही ना काही सुचवतो. हल्ली त्यात प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणूंची, कॅप्सूल पहिली. ‘चांगलेच जिवाणू आहेत, घ्यायला काय हरकत?’ हरकत आहे. पांढऱ्या पेशी घसरलेल्या आणि आतड्याचं अस्तर दुखावलेलं असताना हेच जिवंत जिवाणू, क्वचित का होईना, रक्तात शिरून जंतुसंसर्ग करतात. इम्युनोथेरपीत, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणाऱ्या उपचारात, प्रश्न वेगळा. ‘सायन्स’ या नियतकालिकात 2021 साली आलेल्या मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) अभ्यासात रोज किमान 20 ग्रॅम तंतुमय पदार्थ पोटात जाणाऱ्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला, त्यातही प्रोबायोटिक न घेणाऱ्यांचा सर्वाधिक. उंदरांमध्ये तर प्रोबायोटिकने उपचाराचा जोर कमी झाला. हा अखेरचा शब्द नव्हे, पण कॅप्सूलवर पैसे घालवण्याआधी ताटाकडे बघा, असं मी म्हणेन.

मात्र जुलाब चालू असताना, आतडं अरुंद झालेलं असताना किंवा पोटाच्या ऑपरेशननंतर लगेच चोथा (तंतुमय पदार्थ) वाढवू नका. आधी विचारा, मग हळूहळू वाढवा.

घरात उरलेली अँटिबायोटिक सर्दीसाठी घेणं ही नेहमीची चूक. इम्युनोथेरपीच्या आसपास अँटिबायोटिक घेतलेल्या रुग्णांना उपचाराचा फायदा कमी झाल्याचं 2018 पासून दिसत आलंय. पण हे वाचून काही जण उलट टोक गाठतात आणि डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिकही टाळतात. केमोवर असताना ताप 38 अंश सेल्सिअसवर गेला तर लगेच हॉस्पिटल गाठा. तिथे आतड्यातल्या जिवाणूंची काळजी करत बसायचं नाही.

जुलाबांचंही तसंच. इरिनोटेकान या केमोच्या औषधाला यकृत निष्क्रिय करून पित्तातून आतड्यात सोडतं. तिथले जिवाणू आपल्या विकराने (एन्झाइमने) ते पुन्हा जागं करतात आणि जुलाब लागतात. त्यावर डॉक्टर लोपरामाइड हे जुलाब थांबवणारं औषध देतात. पण अँटिबायोटिकनंतरचे जुलाब सी. डिफिसिल या त्रासदायक जिवाणूचे असू शकतात, इम्युनोथेरपीतले आतड्याच्या दाहाचे, आणि हा दाह शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनीही उद्भवतो. तिथे स्वतःच्या मनाने जुलाब थांबवणं महागात पडतं. फोनवर नेमकं सांगा: कोणतं औषध चालू आहे, दिवसातून किती वेळा जुलाब होतात, रक्त पडतंय का, ताप आहे का.

विष्ठा-प्रत्यारोपण, म्हणजे निरोगी दात्याच्या विष्ठेतले जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडणं, घरी करण्याचा विचारही नको. नीट न तपासलेल्या दात्याच्या विष्ठेतून औषधांना न जुमानणारे जिवाणू आल्यामुळे एक रुग्ण दगावल्याचं अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने 2019 मध्ये जाहीर केलं होतं.