गाडी सारखी बंद पडत्या? आधी हे बघा

भावांनो, कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेजला गाडी लावायच्या आधी बघा की ती नेमकी कधी बंद पडत्या, अर्धं निदान तिथंच होतंय. पेट्रोल इंजेक्शनवाल्या गाडीचं सांगतोय, डिझेलचं गणित वेगळं.

दसरा चौकात सिग्नलला क्लच दाबला की आरपीएमचा काटा ७००-८०० वर थांबायचं सोडून खाली जातोय आणि गाडी गप्प, तर बहुतेक थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागात, कार्बन. इंजिन बंद करून एअर फिल्टरकडनं येणारा पाईप सोडवा, आतल्या गोल पत्रीच्या कडेला काळा चिकट थर दिसंल, थ्रॉटल क्लीनरचा स्प्रे फडक्यावर मारून पुसा. पण इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल (केबलऐवजी मोटरवर चालणारा) असंल तर पत्री बोटानं रेटू नका, आतला गिअर मोडला की अख्खी थ्रॉटल बॉडीच गळ्यात. काही गाड्यांत नंतर स्कॅनरवर आयडल (एक्सलेटर न देता इंजिन चालतंय तो आरपीएम) परत सेट करावं लागतंय. इंजिन चालू करून सुस्स आवाज येतोय का तेपण ऐका, व्हॅक्यूम पाईप चिरला असंल.

पन्हाळ्याच्या चढालाच दम सोडत असंल तर फ्युएल फिल्टर नायतर पंप. तापल्यावर बंद आणि गार झाली की चालू, म्हणजे क्रँक सेन्सरवर (इंजिनाचं फिरणं ओळखणारा सेन्सर) संशय. डॅशबोर्डसकट सगळंच गेलं तर बॅटरीचे टर्मिनल हलवून बघा, फुकटातलं काम आहे.

आणि हो, चालत्या गाडीत इंजिन गेलं की ब्रेक, स्टेअरिंग दोन्ही जड होतंय, तेव्हा ब्रेक सारखा सोडू-दाबू नका, एकदाच जोरात दाबून धरा.