अंगणातलं जुनं झाड काढायचं की ठेवायचं, हे कसं ठरवावं?

मे संपत आला की आमच्या कॉलनीत दोन विषय हमखास निघतात, गच्चीची गळती आणि झाडं. 1961 च्या पानशेतच्या पुरानंतर पुणं चहूबाजूंनी पसरत गेलं. बंगल्यांच्या सोसायट्या झाल्या आणि प्लॉटधारकांनी कंपाउंडच्या कडेनं हौसेनं गुलमोहर, पीतमोहर, पर्जन्यवृक्ष लावले, मागच्या अंगणात आंबा आणि नारळ. ती रोपं आता पन्नाशीच्या आसपास आहेत. वळवाच्या वाऱ्यात एखाद्याची फांदी गाडीच्या टपावर येते आणि लगेच कोणीतरी म्हणतं, “म्हातारं झालंय, काढून टाका.”

म्हातारपण हे झाड काढायचं कारण नाही. वडाला, चिंचेला पन्नास वर्षं म्हणजे काहीच नाही. गुलमोहर मात्र त्या वयात थकलेला असतो. बघायचं ते एवढंच, की झाडाचा भार पेलणारा भाग खरंच गेलाय का, आणि तो मोडला तर खाली कोण सापडेल? या दोन्हींची उत्तरं वाईट आली, तरच कुऱ्हाडीचा विचार करायचा.

आधी झाड कोणतं ते नीट ओळखा

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. मुळं उथळ पसरतात, लाकूड ठिसूळ, त्यामुळे पहिल्या मोठ्या पावसात आडवा होणाऱ्यांत तो नेहमी पुढे. पर्जन्यवृक्षाचा विस्तार अवाढव्य आणि आडव्या फांद्या फार लांब. मुंबईत तर पिठ्या ढेकणानं (मिलीबग म्हणतात तो) हे वृक्ष उभेच्या उभे वाळलेले लोकांनी पाहिलेत. आंबा, जांभूळ, कडुनिंब, करंज, बकुळ ही त्या मानानं चिवट मंडळी.

निर्णय फेब्रुवारी-मार्चमध्ये घेऊ नका. गुलमोहर, पांगारा, सावर यांची पानं तेव्हा गळलेली असतात. आमच्या गल्लीत एका शेजाऱ्यांनी मार्चमध्ये ‘झाड वाळले आहे’ असा अर्ज लिहून ठेवला होता. द्यायचा राहून गेला, आणि मे महिन्यात तेच झाड लालभडक फुललं. शंका आली तर कोवळ्या काडीची साल नखानं खरवडा. आत हिरवं-ओलसर दिसलं तर ती काडी जिवंत. चार-पाच दिशांच्या काड्या तपासा, एकीवर भरवसा ठेवू नका.

मग झाडाकडे नाही, झाडाखाली बघा

बुंध्याभोवती झाडाच्या उंचीइतक्या त्रिज्येचं वर्तुळ मनात आखा. त्यात काय काय येतं? झोपायची खोली, शेजाऱ्यांचा पत्रा, विजेच्या तारा, मुलांचा झोपाळा, शाळेची व्हॅन थांबते ती जागा? मागच्या कोपऱ्यातला पोकळ आंबा पडून फक्त अळूच्या वाफ्यावर पडणार असेल तर त्याला पडू दे की! झोपाळा हलवणं, गाडी दुसरीकडे लावणं यात पाच मिनिटं जातात. झाड पुन्हा वाढवायला पन्नास वर्षं.

तपासणी बुंध्यापासून सुरू करा

लोक वर बघतात, वाळकी फांदी दिसली की घाबरतात. खरा धोका बहुतेक वेळा पायाशी असतो. म्हणून गुडघ्यावर बसा, पाचोळा बाजूला करा आणि सावकाश एक फेरी मारा.

बुंध्याला जमिनीलगत अर्धवर्तुळाकार, लाकडासारखी कडक अळंबी फुटली आहे का? वरून तपकिरी-चकचकीत, कडेला पांढरी किनार. ती बहुधा गॅनोडर्मा. आतलं लाकूड आणि मुळं कुजत आहेत याची ती पाटी समजा. बाहेर दिसते तेव्हा आतला कारभार बराच पुढे गेलेला असतो. गुलमोहराला हा रोग फार. नुसती अळंबी खरवडून काही होत नाही. पायाशी गॅनोडर्मा आणि खाली माणसांची वर्दळ अशी गाठ पडली, तर माझं मत स्वच्छ आहे: झाड काढायच्या परवानगीचा अर्ज करा.

दुसरी खूण मातीत. झाड वीस वर्षांपासून कललेलं असेल आणि शेंडा पुन्हा सरळ वर गेला असेल, तर त्यानं स्वतःला सावरलंय. पण कल नवा असेल, कलाच्या विरुद्ध बाजूला जमिनीला भेग पडली असेल किंवा माती उचललेली दिसत असेल, तर मुळं सुटत आहेत. यात वाट पाहायची नसते, पावसाळ्यात तर नाहीच. फोटो काढा, त्या बाजूची ये-जा बंद करा, महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवा. झाड हलतंय असं दिसलं तर थेट अग्निशमन दल, 101.

तिसरी गोष्ट आपल्याच हातची. ड्रेनेजसाठी, केबलसाठी चर खणताना एका बाजूची मुळं तोडली जातात आणि दोन-तीन पावसाळ्यांनी झाड त्याच्या विरुद्ध बाजूला कोसळतं. मग दोष वाऱ्याला. तीच गत बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक ठोकण्याची. दिल्लीतल्या झाडांसाठी राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्येच बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्या अंगणात तेवढं करायला कोणाच्या आदेशाची गरज नाही.

पोकळ म्हणजे कमकुवत नव्हे

यावरून सगळ्यात जास्त वाद होतात. खोडाचा जिवंत भाग बाहेरच्या थरात असतो. मधलं लाकूड मेलेलंच असतं. बांबू पोकळच असतो, तरी उभा राहतो. प्रश्न भिंत किती जाड उरली याचा.

लाकडी हातोडीनं खोड सगळीकडून ठोका. घट्ट लाकूड ‘ठक्’ वाजतं, पोकळ जागी आवाज ढोलासारखा येतो. ढोली उघडी असेल तर जाड तार घालून खोली मोजा. वृक्षतज्ज्ञ एक ढोबळ हिशेब वापरतात: निरोगी लाकडाची भिंत खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश तरी हवी. छातीच्या उंचीवर घेर 220 सेंटीमीटर असेल तर त्रिज्या 35 च्या आसपास, म्हणजे भिंत साधारण 11-12 सेंटीमीटर. त्याहून कमी असेल, किंवा ढोलीचं तोंडच मोठं असेल, तर जाणकाराला बोलावा. ढोली सिमेंटनं बुजवू नका. आत ओल कोंडते आणि कूज वाढते.

सालीवर वाळवीची मातीची पुटं दिसली म्हणून दचकू नका. बऱ्याचदा ती वरची मेलेली सालच खात असते. पुटं झाडून खाली काय आहे ते बघा. आंब्याच्या खोडाला भोकं आणि त्यातून भुसा पडत असेल तर भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी कीड आहे. कोकणातले बागायतदार तारेच्या आकड्यानं अळी ओढून काढतात, भोकात औषधाचा बोळा घालून मातीनं लिंपतात. वेळेत केलं तर झाड वाचतं.

शेवटी वर बघा. दोन जाड फांद्या निघतात ते बेचकं ‘यू’सारखं रुंद असेल तर उत्तम. ‘व्ही’सारखं अरुंद, मध्ये साल चिमटलेली आणि खाली उभी चीर असेल, तर ती फांदी कधीतरी फाटणार.

काढण्याआधीचे उपाय

वाळकी फांदी काढणं, लांब आडव्या फांदीचं टोकाकडचं ओझं कमी करणं, मोठ्या आंब्याच्या फांदीला लोखंडी टेकू देणं, एवढ्यावर पुष्कळदा भागतं. छाटणी पावसाआधी आणि सगळ्या बाजूंनी तोल राखून करा. त्यालाही परवानगी लागते. पार्किंगसाठी एकाच बाजूनं झाड सोलणं किंवा शेंडा साफ उडवणं म्हणजे पुढच्या पडझडीची तयारी. शेंडा उडवलेल्या जागी फुटणारे धुमारे भराभर वाढतात, पण नुसते सालीलगत चिकटलेले असतात.

परवानगीशिवाय हात लावू नका

आपल्या प्लॉटमधलं, आपल्या आजोबांनी लावलेलं झाड असलं तरीही. शहरांत 1975 चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. अर्ज महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे. माणूस पाहणीला येतो, झाडावर नोटीस लागते, हरकती मागवतात. 2021 च्या दुरुस्तीनं पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांच्या झाडाला ‘प्राचीन वृक्ष’ ठरवलं, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावण्याची अट आली. म्हणजे 1974 साली लावलेला तुमचा गुलमोहर आता त्या यादीत बसतो. गोव्यात 1984 चा वेगळा वृक्ष जतन कायदा आहे.

अर्जाला तुमच्या नोंदी जोडा: तारखेसह फोटो, घेर, अळंबी कुठे, भेग कधीपासून. ‘पाचोळा फार पडतो’ हे कारण लिहू नका, लिहिणारे आहेत. बुंध्यात भोक पाडून हिंग नाहीतर ॲसिड घालायची जुनी खोडीही नको. झाडाला इजा करणं कायद्यानं तोडण्यातच धरलं जातं, आणि उभं मेलेलं झाड जिवंत झाडापेक्षा धोक्याचं.

तोडायचंच ठरलं तर

आधी ढोली बघा. तांबट, पोपट, पिंगळा घरटं करून असतील तर पिल्लं उडेपर्यंत थांबा. तारा जवळ असतील तर महावितरणकडून वीज बंद करून घ्या. कामगारांना हेल्मेट आणि पट्टा आहे ना हे स्वतः पाहा. ‘आमची सवय आहे’ हे उत्तर चालवून घेऊ नका. झाड शेंड्याकडून तुकड्यातुकड्यानं, दोरानं उतरवतात. बुंध्यात घाव घालून आडवं पाडण्याइतकी जागा बंगल्यांच्या दाटीत नसते. जागेची अडचण नसेल आणि बुंधा मजबूत असेल, तर आठ-दहा फुटांचा सोट उभा ठेवायची विनंती अर्जातच करा. तांबटाला तेवढा पुरतो.

नवं रोप जुनं झाड काढायच्या आधीच, जमलं तर तीन-चार वर्षं आधी लावलेलं बरं. सावली एकदम जात नाही. बहावा, ताम्हण, बकुळ ही बंगल्याच्या अंगणात मावणारी झाडं आहेत. भिंतीपासून दहा-बारा फूट तरी लांब लावा. गॅनोडर्मा लागलेलं झाड काढलं असेल, तर त्याच खड्ड्यात रोप लावू नका. जुनी मुळं शक्य तितकी उपसा आणि चार पावलं सरकून नवा खड्डा घ्या.