राक्षस कुणी उठवला? ‘विचर ३’ राजकारणासकट कसा खेळावा

‘द विचर ३: वाइल्ड हंट’ खेळणाऱ्यांत दोन तट पडलेले मी कायम बघतो. एका तटाला गेमचा नायक गेराल्ट, म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारा ‘विचर’, याने घोड्यावरून गावोगाव फिरावं, नोटीस बोर्डवरचं काम घ्यावं, राक्षस मारावा आणि पैसे मोजून घ्यावेत, एवढंच हवं असतं. राजे-सरदार बोलायला लागले की ही मंडळी बटण दाबत संवाद कापत सुटतात. दुसऱ्या तटाला रेडानियाचा राजा रॅडोव्हिड, निल्फगार्डचा सम्राट एम्हिर आणि जुना हेरप्रमुख डायकस्ट्रा यांच्या चालींतच रस. त्यांना राक्षस मारायची कामं, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट, ही लेव्हल वाढवायची हमाली वाटते. दोघांच्याही हातून अर्धी कथा निसटते. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने २०१५ साली आणलेल्या या गेममध्ये राक्षसाचा माग शेवटपर्यंत काढला, तर तो बहुतेक वेळा कुठल्यातरी माणसाच्या दारात जाऊन थांबतो. हा माग न सोडता कसं खेळायचं ते सांगतो. कथेतले उलगडे येणार आहेत. पहिल्यांदाच खेळत असाल तर नोव्हिग्राड शहरापासूनचा भाग तिथवर पोचल्यावर वाचा.

मी साताऱ्याच्या कोर्टात लघुलेखक आहे, दिवसभर साक्षीदारांचे जबाब टंकतो. म्हणून असेल, पण गेराल्टचं काम मला पंचनाम्यासारखं दिसतं. जागा बघायची, खुणा टिपायच्या, चार जणांचे जबाब घ्यायचे आणि जबाब नि जागा कुठे जुळत नाहीत ते हेरायचं. राक्षस कोणता ते खुणा सांगतात. तो इथे का आला हे मात्र लोकांच्या बोलण्यातल्या विसंगतीवरून कळतं. तेव्हा पहिली सूचना: संवादात पिवळ्या अक्षरांतला पर्याय कथा पुढे नेतो, पांढऱ्या अक्षरांतले पर्याय विचारले नाहीत तरी चालतं. ते पांढरे आधी विचारा. माणसं खरं काय ते तिथेच बोलून जातात.

नवा खेळ सुरू करताना ‘विचर २’चं सेव्ह गृहीत धरायचं का, असा एक पर्याय येतो. तो चालू ठेवा. पुढे व्हिझिमाच्या राजवाड्यात गेराल्टची दाढी चालू असताना, दक्षिणेतून चढाई करून आलेल्या निल्फगार्डचा सरदार मॉर्व्हरान व्होरहिस त्याला जुन्या घडामोडी विचारतो. त्या उत्तरांवर पुढे कोण भेटणार हे ठरतं. राजांचा मारेकरी लेथो याला जिवंत सोडलं असं सांगितलंत, तर व्हेलेनमधल्या एका पडक्या वाड्यात तो तुमच्यासमोर येतो. माझं मत विचाराल तर जिवंतच सोडा. ‘विचर २’ खेळला नसेल तर एवढं लक्षात ठेवा: २०११ च्या त्या भागात उत्तरेतल्या राजांचे खून पडतात, टेमेरियाचा राजा फॉल्टेस्ट याच्या खुनाचा आळ गेराल्टवर येतो, आणि या खुनांमागे निल्फगार्डचा सम्राट निघतो. ‘विचर ३’मधलं युद्ध तिथून पेटलेलं आहे.

आता व्हाइट ऑर्चर्ड. हा पहिला मुलूख लहान आहे म्हणून लोक घाईघाईने उरकतात. मी सांगेन, इथे रेंगाळा, कारण पुढच्या सगळ्या खेळाची रीत इथेच शिकायला मिळते.

गेराल्टला त्याची प्रेयसी, जादूगारीण येनेफर हिचा ठावठिकाणा हवा आहे. तो निल्फगार्डच्या छावणीतल्या कप्तानाला माहीत आहे आणि बदल्यात त्याला ग्रिफिन, म्हणजे पंख असलेला एक हिंस्र राक्षस, मारून हवाय. कप्तान गावातल्या एका शेतकऱ्याशी धान्याबद्दल बोलत असताना तिथे थांबा आणि ऐका. त्याचे हात बघून कप्तान शेतकऱ्याशी शेतकऱ्यासारखा बोलतो, समजूतदार वाटतो. काम संपवून परत याल तेव्हा त्याच माणसाने कुजकं धान्य पोचवलेलं असतं आणि कप्तान त्याला फटके मारायचा हुकूम देतो. या दोन प्रसंगांच्या मधे तुमची शिकार आहे. मिस्लाव्ह नावाच्या शिकाऱ्याबरोबर रानात गेलात की उद्ध्वस्त घरटं आणि मेलेली मादी सापडते. निल्फगार्डच्या सैनिकांनी तिला मारलं, म्हणून नर पिसाळला आणि गावकऱ्यांवर तुटून पडला. आता तेच सैन्य तुम्हाला त्या नराच्या मागे पाठवतंय. कप्तान बक्षिसाची थैली पुढे करतो तेव्हा हे सगळं डोक्यात ठेवून उत्तर द्या. मी थैली नाकारतो. तुम्ही घेतलीत तरी बिघडत नाही, पण काय घेतोय ते माहीत असू द्या.

लढाईचं थोडक्यात सांगतो. वनौषधीवाल्या टोमिराकडून बकथॉर्नची माहिती घ्या. ती वनस्पती नदीच्या तळाशी मिळते आणि तिच्या वासावर ग्रिफिन येतो. तो उडत असताना क्रॉसबोने खाली पाडा, चांदीच्या तलवारीला संकर जातीच्या प्राण्यांवरचं तेल लावा, आणि तो झेप घ्यायच्या बेतात दिसला की बाजूला लोळण घ्या. पुढच्या कुठल्याही राक्षसासाठी बेस्टियरीतलं, म्हणजे गेममधल्या राक्षसांच्या माहितीवहीतलं, पान उघडलं की तेल, बॉम्ब, चिन्ह (गेराल्टची छोटी जादू) सगळं लिहिलेलं असतं.

व्हाइट ऑर्चर्डमध्ये आणखी तीन गोष्टी बघाच. खानावळीच्या भिंतीवर टेमेरियाच्या लिलीची ढाल असते. ती मालकीण उतरवते, कारण मुलूख आता निल्फगार्डचा, आणि त्यावरून खानावळीतच मारामारी होते. गावाबाहेरच्या रणभूमीवर प्रेतं खाणारे घूल आहेत. ते का आहेत हे वेगळं सांगायला नको. आणि विलिस नावाच्या बुटक्या लोहाराची भट्टी कुणी जाळली याचा तपास आहे. विलिस निल्फगार्डच्या सैन्यासाठी काम करतो, म्हणून गावातल्याच एका दारुड्याने ती पेटवली. त्याला विलिसच्या हवाली केलंत की सैनिक त्याला फासावर चढवतात. या क्वेस्टमध्ये, म्हणजे कामगिरीत, राक्षस औषधालासुद्धा नाही, आणि तरी माग काढायची पद्धत तीच.

व्हेलेनला पोचलात की उलटं चित्र दिसेल. इथे राज्य कुणाचंच धड नाही. टेमेरियाच्या सैन्यातला एक अधिकारी स्वतःला बॅरन म्हणवून गढीत बसलाय आणि निल्फगार्डला रसद पुरवतोय. अशा ठिकाणी दलदलीतल्या तीन चेटकिणी, क्रोन्स, त्याच सरकार झाल्यात. पीक, आजारपण, संरक्षण सगळं त्यांच्या मर्जीवर, आणि वसुली माणसांच्या शरीरातून. डाउनवॉरेन गावाचा मुखिया त्यांच्या नावाने स्वतःचा कान कापून देतो. तो प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा गेम थांबवून बसलो होतो. कुजबुजत्या टेकडीखालच्या आत्म्याला सोडायचं की मारायचं, हा निर्णय इथेच येतो. सोडलात तर दलदलीतली अनाथ मुलं वाचतात आणि गाव उजाडतं. मारलात तर गाव राहतं, मुलं राहत नाहीत. बरोबर उत्तर शोधत इंटरनेट धुंडाळू नका. मुखियाशी, चेटकिणींशी आणि आत्म्याशी पूर्ण बोला, कोण काय लपवतंय ते ताडा आणि ठरवा.

हीच रीत आणखी चोख बघायची तर स्केलिगे बेटांवरच्या फेअरलुंड गावाचा लेशन घ्या. लेशन म्हणजे रानाचा जुना रखवालदार. म्हातारी मंडळी त्याला मानतात, स्व्हेनच्या मागची तरुण पोरं म्हणतात त्याला संपवा. लेशन गावातल्या एका व्यक्तीवर आपली खूण करून ठेवतो. ती व्यक्ती गावात आहे तोवर तो मेला तरी परत उठतो. ती खूण असते हिल्डेवर, म्हणजे स्व्हेनचं जिच्यावर प्रेम आहे तिच्यावर. तिला गावाबाहेर काढायचं की मारायचं हे स्व्हेनवर सोपवलं जातं. त्याला शक्ती देणारे टोटेम तोडून लेशनला मारलात की काम फत्ते झालंसं वाटतं. त्यानंतर लगेच घोड्यावर बसू नका. गावात परत जा. पोरांनी म्हाताऱ्यांचं काय केलं ते डोळ्यांनी बघा. मला वाटतं, गावकीच्या भांडणावर एवढं नेमकं काम कुठल्याच फॅन्टसी गेमने केलेलं नाही. इथे गेराल्ट एका गटाचं हत्यार होतो, आणि हे आधी ओळखायची संधी संवादांत पुरेपूर दिलेली आहे.

स्केलिगेचं सिंहासनही राक्षसांच्याच वाटेने जातं. राजा ब्रान वारला आहे आणि गादीसाठी उमेदवारांना पराक्रम दाखवायचाय. यार्ल, म्हणजे टोळीप्रमुख, क्राखचा मुलगा याल्मार उंडविक बेटावर बर्फाचा राक्षस मारायला गेलाय. मुलगी केरिस एका यार्लला झपाटणाऱ्या ‘हिम’ नावाच्या पिशाच्चाला बाहेर काढायला बसलीय. दोघांच्या क्वेस्ट पूर्ण करा आणि राजा कुणाला करायचं याचा विचार तिथेच सुरू करा. याल्मार ताकदीने भिडतो आणि त्याची माणसं मरतात. केरिस हिमला फसवून हरवते, त्यासाठी भयंकर जोखीम घेते, पण विचार करून घेते. कोण कसं राज्य करेल हे कुठलाही दरबारी तुम्हाला सांगणार नाही, ते या दोन शिकारी सांगतात. पुढे कायर ट्रॉल्डेच्या मेजवानीत अस्वलं शिरून कत्तल करतात आणि त्यामागे दरबारातलाच कट निघतो. त्या तपासात दोघांपैकी एकाला साथ द्या. अंग काढून घेतलंत तर स्व्हानरिगे गादीवर बसतो.

आता नोव्हिग्राड, आणि सगळ्यात महत्त्वाची व्यवहारी सूचना. ‘आइल ऑफ मिस्ट्स’ ही मेन क्वेस्ट सुरू करण्याआधी वेगळं सेव्ह करा आणि राजकारणाच्या क्वेस्ट संपवून घ्या. ‘अ डेडली प्लॉट’, ‘रेडानियाज मोस्ट वॉन्टेड’, टेमेरियाचा सेनानी रोश याची ‘अ‍ॅन आय फॉर अ‍ॅन आय’, जादूगारीण ट्रिसबरोबर जादूगारांना शहराबाहेर काढायची ‘नाऊ ऑर नेव्हर’ आणि वर सांगितलेली स्केलिगेच्या गादीची क्वेस्ट, या सगळ्या बेटावर गेल्यावर हातच्या जातात. लोक गेराल्टची मानसकन्या सिरी हिला शोधायच्या ओढीने थेट बेट गाठतात आणि मग रॅडोव्हिडविरुद्धचा कट आपल्याला दिसलाच नाही म्हणून हळहळतात.

या साखळीतही राक्षस आहेतच. ‘अ डेडली प्लॉट’मध्ये टेमेरियाचा जुना हेरप्रमुख थॅलर ट्रोल्सच्या ताब्यात सापडतो. तलवार उपसण्याआधी ट्रोल्सशी बोलून बघा. जादूगारीण फिलिपाला शोधताना गुहेतला ट्रोल वाट अडवतो, तिथेही तेच.

पुढे ‘ब्लाइंडिंगली ऑब्व्हियस’मध्ये डायकस्ट्रा दारात आडवा येतो. तेव्हा त्याला जोर लावून ढकलायचा पर्याय निवडू नका. त्याचा पाय मोडतो आणि ‘रीझन ऑफ स्टेट’ ही कटाची शेवटची क्वेस्ट मिळत नाही. ती मिळाली तर रॅडोव्हिडचा निकाल लागतो, आणि लगेच डायकस्ट्रा रोश नि थॅलर यांच्यावर उलटतो. त्याच्या बाजूने गेलात तर उत्तरेतली राज्यं त्याच्या मुठीत जातात. रोशच्या बाजूने राहिलात तर निल्फगार्ड जिंकतो आणि टेमेरिया त्याची मांडलिक होते. कटातच पडला नाहीत तर रॅडोव्हिड जिंकतो आणि जादूगारांची होळी चालूच राहते. मी रोशची बाजू घेतो. त्याने आपल्या लोकांसाठी आयुष्य घातलंय आणि त्याला दगा देऊन मिळणारं स्थैर्य मला नको.

दुसऱ्या गेममध्ये हीच नजर वापरायची तर ‘स्कायरिम’ घ्या. तिथे यादवी युद्ध आधी संपवू नका. ड्रॅगनला पकडण्यासाठी व्हाइटरनचा यार्ल बालग्रुफ याचा महाल लागतो, आणि युद्ध डोक्यावर असताना तो तयार होत नाही. म्हणून ग्रेबिअर्ड्स या साधूंच्या मठात दोन्ही बाजूंची बैठक भरते आणि शहरांची देवाणघेवाण तुमच्या तोंडाने होते. युद्ध आधीच निकाली काढलंत तर ही बैठक भरतच नाही.

शेवटी ‘ब्लड अँड वाइन’, २०१६ चा विस्तार. तूसांच्या संस्थानात एक श्वापद सरदारांना मारतंय आणि राणी अ‍ॅना हेन्रिएटा गेराल्टला बोलावते. खुन्याचं नाव डेटलाफ, उच्च कुळातला व्हँपायर. मेलेल्यांची नावं आणि त्यांचा भूतकाळ प्रत्येक वेळी नीट वाचा. राणीच्या बहिणीला, सियानाला, लहानपणी हद्दपारीत नेताना ज्या सरदारांनी छळलं तेच मरताहेत, आणि डेटलाफच्या मागे सियाना आहे. दोघी बहिणींना वाचवायचं असेल तर डेटलाफला गाठण्यासाठी सियानाला शोधायची वाट धरा. वाटेत परीकथांच्या जादुई मुलखात काडेपेट्या विकणारी मुलगी भेटते. तिच्याकडून सियानाची रिबन मिळवा, कारण तीच पुढे सियानाचा जीव वाचवते. नंतर कोठडीत सियानाला भेटाल तेव्हा तिला बहिणीला माफ करायला सांगा. त्या भेटीत पांढऱ्या अक्षरांतला एकही प्रश्न सोडू नका.