डेबियनवर वायफाय दिसत नाही? फर्मवेअरचं नेमकं पॅकेज असं शोधा

डेबियन आणि उबंटू या दोन लिनक्स सिस्टिम. उबंटू २४.०४ मध्ये फर्मवेअरचा (म्हणजे वायफाय कार्डासारखं हार्डवेअर चालू व्हायला त्यात भरावा लागणारा छोटा प्रोग्राम) सगळा संसार लिनक्स-फर्मवेअर या एकाच पॅकेजमध्ये भरलाय, त्यामुळे वायफाय, ग्राफिक्स बहुतेक सगळं पहिल्या बूटलाच चालतं, पण इंटेलच्या एका कार्डासाठी फाइल बदलली तरी काही शे एमबीचं पॅकेज परत डाउनलोड होतं. डेबियनमध्ये तसं नाही, तिथे इंटेल वायफायला फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय, रियलटेकला फर्मवेअर-रियलटेक, एएमडी ग्राफिक्सला फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स अशी वेगवेगळी पॅकेजेस आहेत. मला स्वतःला हीच पद्धत पटते, फक्त आपल्या मशीनला काय लागतं ते माहीत पाहिजे.

आधी सोर्सेस.लिस्ट, म्हणजे पॅकेजेस कुठून घ्यायची ते लिहिलेली फाइल, उघडून बघा. जून २०२३ ला आलेल्या डेबियन १२ पासून ही पॅकेजेस नॉन-फ्री मधून नॉन-फ्री-फर्मवेअर या नवीन विभागात गेली. नवीन इन्स्टॉल केलं आणि हार्डवेअरला गरज असली तर इन्स्टॉलर हा विभाग आपणहून चालू करतो, पण ११ वरून अपग्रेड केलं असेल तर तो शब्द प्रत्येक ओळीत आपल्यालाच घालावा लागतो, सिक्युरिटीच्या ओळीतसुद्धा. नाही घातला तर जुनं पॅकेज तसंच पडून राहतं, वायफाय चालतं म्हणून कोणी लक्ष देत नाही, आणि इंटेल-मायक्रोकोड, एएमडी६४-मायक्रोकोड (प्रोसेसरचं स्वतःचं फर्मवेअर) यांचे अपडेट गुपचूप बंद होतात. हे खरंच गंभीर आहे, कारण प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या त्रुटींचे बरेच उपाय त्यातूनच येतात. तेवढं आजच तपासा.

आता नेमकं काय कमी आहे ते शोधायचं. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही कमांड वजा के लावून चालवा, कार्ड कोणतं आणि ड्रायव्हर कोणता ते कळेल. मग सुडो लावून (म्हणजे अॅडमिनच्या अधिकाराने) डीमेसेज, म्हणजे कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड, चालवा आणि त्यात फर्मवेअर हा शब्द ग्रेप करा, म्हणजे शोधा. "फेल्ड टू लोड", पुढे आरटीएल८१६८जी-२.एफडब्ल्यू असं फाइलचं नाव आणि कंसात उणे २ दिसलं तर समजायचं की फाइल डिस्कवर नाहीच. नावात आरटीएल म्हणजे रियलटेक, लगेच कळतं. नावावरून नाही कळलं तर एपीटी-फाइल टाकून ते नाव सर्च करा, कोणत्या पॅकेजमध्ये आहे ते सांगेल.

इंटेल वायफायवाल्यांनी मात्र घाबरून जाऊ नका. तो ड्रायव्हर आधी सगळ्यात नव्या नंबरची फाइल मागतो, नाही मिळाली की एकेक नंबर खाली उतरतो, म्हणून दोन-चार "फेल्ड" च्या ओळी येऊन खाली "लोडेड फर्मवेअर व्हर्जन" आलं असेल तर काम झालंय. तसंच इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइल्सचा गठ्ठा) बनताना येणारी "पॉसिबल मिसिंग फर्मवेअर" ही वॉर्निंग, ती बऱ्याचदा तुमच्याकडे नसलेल्याच हार्डवेअरची असते.

पॅकेज टाकायला नेट पाहिजे आणि नेटला पॅकेज पाहिजे असं झालं तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, बहुतेक फोन काही न टाकता चालतात. ग्राफिक्सचं पॅकेज असेल तर नंतर अपडेट-इनिटरॅमएफएस वजा यू चालवून रीबूट करा.

डेबियन १३ वर येताना अजून एक गोष्ट बघा, फर्मवेअर-मिस्क-नॉनफ्री फोडून मीडियाटेक, एनव्हिडिया ग्राफिक्स, इंटेल ग्राफिक्स यांची पॅकेजेस वेगळी केलीत, म्हणजे मीडियाटेक वायफाय असेल तर आता फर्मवेअर-मीडियाटेक हवं. आणि एकच एसएसडी या मशीनमधून त्या मशीनमध्ये लावत असाल तर निवडत बसू नका, सरळ सगळी पॅकेजेस टाका, तिथे जागेपेक्षा चालू होणं महत्त्वाचं.