रजोनिवृत्तीच्या त्रासावर आपल्याला मानवणारे हार्मोन उपचार कसे शोधावेत

पाळी कायमची थांबण्याच्या सुमारास काही स्त्रियांना फारसे काही जाणवत नाही, तर काहींना दिवसातून कितीतरी वेळा अंगातून गरम वाफा निघतात, रात्री दरदरून घाम येऊन झोप मोडते, छातीत धडधडते, सांधे दुखतात, चिडचिड होते आणि रोजच्या ओळखीतले नावही चटकन आठवत नाही. हे काही महिन्यांत आपोआप ओसरेल, असे त्यांना अनेकदा सांगितले जाते. अमेरिकेतील एका दीर्घकालीन पाहणीचे २०१५ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष मात्र वेगळे सांगतात: वारंवार वाफा येणाऱ्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींना हा त्रास सात वर्षांहून जास्त काळ होत राहिला. इतकी वर्षे मुकाट्याने सोसावे, असे त्यात काहीही नाही. या वाफांवर आजवर सापडलेल्या उपायांमध्ये हार्मोन उपचार सर्वांत परिणामकारक आहेत.

तरीही अनेक स्त्रिया पहिली गोळी सुरू करतात, स्तन दुखतात किंवा मळमळते म्हणून महिन्याभरात ती सोडतात आणि ‘मला हार्मोन मानवत नाहीत’ असा निष्कर्ष काढतात. बहुतेक वेळा न मानवलेली असते ती एक विशिष्ट गोळी, एक विशिष्ट मात्रा किंवा औषध शरीरात जाण्याचा एक विशिष्ट मार्ग. हार्मोन उपचारांत हार्मोन कोणते, ते कोणत्या मार्गाने घ्यायचे, किती घ्यायचे आणि कोणत्या क्रमाने घ्यायचे, अशा चार गोष्टी ठरवाव्या लागतात आणि त्यांतली प्रत्येक बदलता येते. डॉक्टरांच्या मदतीने एका वेळी एकच गोष्ट बदलत गेल्यास आपल्याला मानवणारी जुळणी सापडण्याची शक्यता पुष्कळ असते.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी

निदान दोन ते चार आठवडे एका वहीत रोजची नोंद ठेवावी. दिवसा किती वेळा वाफा आल्या, रात्री किती वेळा जाग आली, पाळी आली असल्यास तिची तारीख, लघवीची जळजळ, संबंधांच्या वेळी होणारी वेदना, मनःस्थिती, एवढे पुरे. ही नोंद अनाठायी नाही. हार्मोन उपचारांच्या चाचण्यांमध्ये तुलनेसाठी दिलेली औषधविरहित गोळी घेणाऱ्या स्त्रियांच्या वाफाही निम्म्याहून अधिक घटल्याचे दिसले आहे. शिवाय हा त्रास मुळात कमीजास्त होत राहतो. त्यामुळे ‘जरा बरे वाटते’ एवढ्यावर पुढचा निर्णय घेता येत नाही. पूर्वी रोज दहा वाफा येत होत्या आणि आता तीन येतात, असे सांगता आले तर घेता येतो.

आपला पूर्वेतिहासही लिहून न्यावा. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी कधी झाली होती का, आई, बहीण किंवा मावशीला स्तनाचा कर्करोग झाला होता का, रक्तदाब, यकृताचा आजार, पित्ताशयातील खडे, डोळ्यांपुढे चमक येऊन सुरू होणारी अर्धशिशी, गर्भाशयाची पिशवी काढली असल्यास अंडाशयही काढले होते का, आणि सध्या चालू असलेली सगळी औषधे. फेपरे किंवा क्षयावरची काही औषधे इस्ट्रोजेनचा, म्हणजे या उपचारातल्या मुख्य हार्मोनचा, प्रभाव कमी करतात. थायरॉइडची गोळी चालू असलेल्या स्त्रीने तोंडाने इस्ट्रोजेन घेतल्यास त्या गोळीची मात्रा वाढवावी लागू शकते. थायरॉइडच्या बिघाडातही घाम, धडधड आणि निद्रानाश होतो, म्हणून शंका असल्यास ती तपासणी आधी करून घेणे शहाणपणाचे.

वय ४५ च्या पुढे असल्यास रजोनिवृत्तीच्या निदानासाठी रक्तातील हार्मोन मोजण्याची सहसा गरज नसते, कारण या काळात त्यांची पातळी एका आठवड्यात वर आणि पुढच्या आठवड्यात खाली असू शकते. ४५ पूर्वी पाळी थांबू लागली तर तपासणी आवश्यक आहे. ४० च्या आत ती थांबली असेल तर प्रश्न वाफांपुरता राहत नाही. हाडे आणि हृदय यांच्या रक्षणासाठी अशा स्त्रियांना, दुसरी अडचण नसल्यास, निदान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, हार्मोन घेण्याचा सल्ला दिला जातो.

भीती कुठून आली आणि ती किती खरी आहे

हार्मोनची धास्ती मुख्यतः २००२ सालची आहे. त्या वर्षी अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासातील सोळा हजारांहून अधिक स्त्रियांचा एक भाग मुदतीपूर्वी थांबवण्यात आला. गोळ्या घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे ८, पक्षाघाताचे ८, फुप्फुसातील गुठळीचे ८ आणि हृदयविकाराचे ७ रुग्ण अधिक आढळले. त्याच वेळी खुब्याच्या हाडाचे फ्रॅक्चर ५ ने आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग ६ ने कमी झाला. बातमी जगभर पोहोचली ती फक्त पहिल्या अर्ध्या भागाची. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे बहुतेकींची रजोनिवृत्ती होऊन बराच काळ लोटला होता. आणि औषध घेणाऱ्या सगळ्या एकाच प्रकारची गोळी घेत होत्या, घोडीच्या मूत्रापासून काढलेले इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे दुसरे, कृत्रिम हार्मोन यांची. गर्भाशय काढलेल्या आणि फक्त इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांच्या स्वतंत्र गटात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढले नाही, पक्षाघाताचे मात्र वाढले.

आज सर्वसाधारण मत असे आहे की वय ६० च्या आत असेल किंवा शेवटच्या पाळीला १० वर्षे झाली नसतील, त्रास खरोखर होत असेल आणि दुसरी अडचण नसेल, तर बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत फायद्याचे पारडे जड असते. इस्ट्रोजेन आणि असे दुसरे हार्मोन एकत्र घेतल्यास स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो आणि वर्षांगणिक वाढत जातो, हे खरे आहे आणि ते लपवू नये. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, अंगावरून रक्त जाण्याचे कारण सापडलेले नसेल, यकृताचा आजार सक्रिय असेल, किंवा हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वा रक्ताची गुठळी नुकतीच झाली असेल, तर संपूर्ण शरीरावर परिणाम करणारे हार्मोन सहसा देत नाहीत. उपचारांनी ताब्यात असलेला रक्तदाब मात्र एवढी मोठी आडकाठी ठरत नाही.

जुळणी ठरवताना

सर्वांत पहिला प्रश्न गर्भाशय आहे की नाही, हा. वाफा शमवण्याचे काम इस्ट्रोजेन करते. पण ते एकटेच घेतले तर गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि त्याचा कर्करोग होऊ शकतो, हे १९७५ च्या सुमारास स्पष्ट झाले. म्हणून गर्भाशय असलेल्या प्रत्येक स्त्रीला सोबत प्रोजेस्टोजेन, म्हणजे अस्तर जाड होऊ न देणारे दुसरे हार्मोन, घ्यावे लागते. गर्भाशय काढले असल्यास सहसा केवळ इस्ट्रोजेन पुरते. प्रोजेस्टोजेनने मन उदास होते किंवा पोट फुगते म्हणून ते परस्पर बंद करून इस्ट्रोजेन चालू ठेवणे ही या उपचारातली सर्वांत घातक चूक आहे; त्रास होत असेल तर डॉक्टरांकडून त्याचा प्रकार बदलून घ्यावा. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन, डायड्रोजेस्टेरॉन, नॉरएथिस्टेरॉन असे बरेच पर्याय आहेत आणि एक सोसले नाही म्हणून दुसरे सोसणार नाही असे नसते. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनने झोप येते, म्हणून त्याची कॅप्सूल रात्री झोपताना घेतात, आणि झोपमोडीने हैराण झालेल्या स्त्रीला हा दुष्परिणाम उपयोगीच पडतो. काही कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचे तेल असते, त्याची ॲलर्जी असल्यास आधी सांगावे. लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे प्रोजेस्टोजेन सोडणारे साधन गर्भाशयात बसवले तर अस्तराचे रक्षण, गर्भनिरोधन आणि जास्त रक्तस्रावावरचा उपाय अशी तिन्ही कामे होतात.

दुसरा प्रश्न मार्गाचा, आणि माझ्या मते सर्वांत कमी चर्चा होते ती याचीच. गोळीतले इस्ट्रोजेन आतड्यातून आधी यकृतात जाते आणि तेथे रक्त गोठवणाऱ्या घटकांची निर्मिती वाढवते, त्यामुळे गुठळीचा धोका वाढतो. पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी), जेल किंवा फवारा यांमधले इस्ट्रोजेन त्वचेतून थेट रक्तात मिसळते आणि नेहमीच्या मात्रेत हा धोका वाढल्याचे दिसत नाही. वजन जास्त असणाऱ्या, अर्धशिशी असणाऱ्या, पित्ताशयाचा त्रास किंवा रक्तात ट्रायग्लिसराइड ही चरबी जास्त असणाऱ्या स्त्रियांनी म्हणून त्वचेवाटेच घेण्याबद्दल विचारावे. पॅच कमरेखाली, कोरड्या त्वचेवर लावतात, स्तनांवर कधीही नाही. बहुतेक पॅच आठवड्यातून दोनदा बदलायचे असतात आणि दर वेळी जागाही बदलावी. जेल लावल्यावर ते पूर्ण वाळू द्यावे, हात धुवावेत, आणि ती जागा लहान मुलांच्या अंगाला लागू देऊ नये.

क्रमाचे ठरवणे त्या मानाने सोपे आहे. पाळी अजून अधूनमधून येत असेल तर इस्ट्रोजेन रोज आणि प्रोजेस्टोजेन महिन्यातील १२ ते १४ दिवस देतात, त्यानंतर पाळीसारखा रक्तस्राव होतो. शेवटच्या पाळीला वर्ष उलटून गेले असेल तर दोन्ही रोज देतात आणि काही महिन्यांत रक्तस्राव बहुधा पूर्ण थांबतो. पाळी अनियमित असतानाच दोन्ही रोज सुरू केले तर मध्येच अंगावरून जात राहते, आणि अनेकींचा उपचार तेथेच बिनसतो. गर्भाशयात बसवायचे साधन सोडल्यास या उपचाराने गर्भधारणा टळत नाही, हेही लक्षात ठेवावे.

सुरुवात कमी मात्रेने करतात: पॅच असल्यास दिवसाला २५ ते ५० मायक्रोग्रॅम, एस्ट्राडायॉल या इस्ट्रोजेनची गोळी असल्यास साधारण १ मिलिग्रॅम.

पहिले तीन महिने

वाफा सहसा दोन ते चार आठवड्यांत कमी होऊ लागतात, पण पूर्ण परिणाम कळायला तीन महिने लागतात. स्तन दुखणे, मळमळ, डोके दुखणे, मधूनच डाग पडणे या तक्रारी बहुधा याच काळात येतात आणि बऱ्याचदा मावळतात. म्हणून, गंभीर लक्षण नसल्यास, तीन महिन्यांपूर्वी निवाडा करू नये, आणि तीन महिन्यांनी वही घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे अवश्य जावे. एक पाय सुजून दुखणे, छातीत अचानक कळ किंवा धाप, बोलण्यात किंवा दिसण्यात एकाएकी फरक, ही गंभीर लक्षणे आहेत आणि तेव्हा ताबडतोब रुग्णालयात जावे.

दुसऱ्या भेटीत तक्रार नेमकी मांडली तर बदल नेमका होतो. दुष्परिणाम नाहीत पण वाफा अजून येतात, तर मात्रा वाढवावी लागते. वाफा थांबल्या पण स्तन ताठरून दुखतात, तर इस्ट्रोजेनची मात्रा बहुधा जास्त होत आहे. उदासी आणि फुगणे फक्त प्रोजेस्टोजेनच्या दिवसांतच होत असेल, तर दोष त्याचा आहे आणि प्रकार बदलायला हवा. तारखांची नोंद नसेल तर हे कधीच लक्षात येत नाही. पॅच खाली कातडी खाजते किंवा तो घामाने सुटतो, तर जेल घेऊन पाहावे. पुरेशी मात्रा असूनही काहीच फरक नसेल तर औषध त्वचेतून नीट शोषले जाते का, हे पाहण्यासाठी रक्तातील एस्ट्राडायॉल मोजता येते किंवा मार्ग बदलता येतो. इस्ट्रोजेन बरेच वाढवावे लागले तर प्रोजेस्टोजेनची मात्रा पुरेशी आहे का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. दोन गोष्टी एकदम बदलून घेऊ नयेत, कारण मग गुण कशाने आला आणि बिघाड कशाने झाला, हे कळत नाही. दोन्ही हार्मोन रोज चालू असताना सहा महिन्यांनंतरही रक्त जात राहिले, किंवा थांबलेला रक्तस्राव पुन्हा सुरू झाला, तर अस्तराची तपासणी लागते.

वाफा नाहीत, पण योनीमार्ग कोरडा पडून संबंध वेदनादायक झाले आहेत किंवा लघवीला वारंवार संसर्ग होतो, अशा स्त्रीला संपूर्ण शरीरासाठी हार्मोन घेण्याची गरजच नसते. योनीमार्गात वापरायचे कमी मात्रेचे इस्ट्रोजेन मलम किंवा गोळी पुरते. ते सहसा दोन आठवडे रोज आणि पुढे आठवड्यातून दोनदा वापरतात. रक्तात ते अत्यल्प जाते आणि सोबत प्रोजेस्टोजेन लागत नाही. संकोचापायी ही तक्रार सर्वांत उशिरा सांगितली जाते, आणि वाफा कालांतराने ओसरतात तशी ही आपोआप ओसरत नाही, म्हणून ती पहिल्याच भेटीत सांगावी.

‘शरीरासारखेच’ म्हणून खास बनवून दिल्या जाणाऱ्या हार्मोनच्या मिश्रणांपासून आणि लाळेच्या तपासणीवरून ठरवलेल्या मात्रेपासून दूर राहावे. शरीरातल्यासारखेच एस्ट्राडायॉल आणि प्रोजेस्टेरॉन रीतसर परवाना असलेल्या औषधांतही मिळते, आणि तेथे मात्रेची खात्री असते. हार्मोन घेता येत नसतील तर व्हेनलाफॅक्सिन, गॅबापेंटिन, २०२३ साली अमेरिकेत मंजूर झालेले फेझोलिनेटंट अशी इतर औषधे आणि विशिष्ट प्रकारचे समुपदेशन यांनी वाफा कमी करता येतात. फेझोलिनेटंट घेताना यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात.

जुळणी सापडल्यावर वर्षातून एकदा रक्तदाब, स्तनांची तपासणी आणि औषधाची गरज यांचा आढावा घ्यावा. किती वर्षे घ्यायचे याची सर्वांना लागू पडणारी मर्यादा नाही. त्रास, वय आणि धोका यांचा हिशेब दर वर्षी नव्याने मांडावा लागतो. थांबवायचे ठरले तर मात्रा काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने कमी केल्यास वाफा एकदम उसळत नाहीत. त्या परत आल्याच आणि सोसवेनाशा झाल्या, तर डॉक्टरांशी बोलून पुरेशी ठरेल अशा कमीत कमी मात्रेवर उपचार पुन्हा सुरू करता येतात.